ऑडिओग्राम नॉर्मल, तरी कानात आवाज : टिनिटस मूल्यांकनाच्या एका सेवेचे परीक्षण

ऐकण्याची चाचणी नॉर्मल आलेल्या माणसाने कानात सतत आवाज येतो अशी तक्रार केली, की बहुतेक ठिकाणी तपास तिथेच थांबतो. पडदा शाबूत आहे, कानात मळ नाही, ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखाची, म्हणजे ऑडिओग्रामची, रेघ हव्या त्या पट्ट्यात आहे. मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि वर ‘लक्ष देऊ नका’ असा सल्ला मिळतो. नेमक्या अशाच रुग्णांसाठी पुण्यातील एक खाजगी श्रवणतपासणी केंद्र ‘टिनिटस मूल्यांकन’ (बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज म्हणजे टिनिटस) या नावाने स्वतंत्र सेवा देते आणि ती मी नुकतीच पूर्ण शुल्क भरून घेतली. केंद्राचे नाव मुद्दामच देत नाही. एक तर मला काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत. दुसरे असे की तपासण्यांचा हाच संच थोड्याफार फरकाने मोठ्या शहरांतील अनेक केंद्रांत मिळतो आणि त्याचा दर्जा यंत्रांपेक्षा तपासणाऱ्या व्यक्तीवर अधिक अवलंबून असतो. त्यामुळे या संचातल्या कोणत्या भागासाठी पैसे मोजावेत आणि कोणता भाग सोडून द्यावा, हे सांगणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत ओतीव भागांची गुणवत्ता तपासतो. ओतीव भाग साच्यातून मोकळे करणारे नॉकआउट यंत्र आणि ग्राइंडर जिथे चालतात तो फेटलिंगचा, म्हणजे भाग घासून साफ करण्याचा, विभाग माझ्या टेबलापासून फार लांब नाही. इअरप्लग मिळतात आणि मी ते वापरतोही. परंतु भागाला हातोडीने हलकेच ठोकून त्याचा नाद ऐकायचा, नाद खणखणीत असेल तर भाग पुढे पाठवायचा आणि बद्द असेल तर आत भेग आहे असे धरून बाजूला ठेवायचा, हे काम इअरप्लग घालून होत नाही. कामगारांची श्रवणतपासणी दरवर्षी होते आणि माझ्या कागदावर दरवर्षी ‘नॉर्मल’ असाच शेरा असतो. दोन्ही कानांत एक बारीक, उंच पट्टीचा, न थांबणारा आवाज सुरू झाला त्या वर्षीही शेरा तोच होता.

हा शेरा खोटा नसतो, मात्र तो देताना विचारलेला प्रश्न फार मर्यादित असतो. नेहमीच्या ऑडिओमेट्रीत २५० ते ८००० हर्ट्झ (सुराच्या पट्टीचे माप) या टप्प्यातील मोजके सूर ऐकवले जातात आणि प्रत्येक सूर कमीत कमी किती डेसिबलला ऐकू येतो ते नोंदवले जाते. हा उंबरठा २५ डेसिबलच्या आत असला की ऐकणे नॉर्मल, असा आपल्याकडचा प्रघात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात ही मर्यादा २० डेसिबलवर आणली. आता ज्याचा उंबरठा पूर्वी ० डेसिबलवर होता आणि घसरत घसरत २० वर आला, तो माणूस आणि ज्याचा उंबरठा आयुष्यभर २० च्याच आसपास आहे तो माणूस, दोघेही या कागदावर सारखेच नॉर्मल ठरतात. शिवाय निरोगी तरुण कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो आणि ८००० च्या वरचा हा सगळा भाग चाचणीत येतच नाही. खाली ज्या सुरांची चाचणी होते त्यांतही ३००० आणि ६००० हर्ट्झ अनेकदा गाळले जातात, आणि गोंगाटाने होणारी इजा तर ३००० ते ६००० याच पट्ट्यात सर्वांत आधी दिसते. बारा ठिकाणी गेज लावण्याची अट असलेला भाग सहा ठिकाणी गेज लावून पास करावा, तसा हा प्रकार आहे. टिनिटस असणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाचा ऑडिओग्राम नॉर्मल येतो असे या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते, म्हणजे हे प्रकरण दुर्मीळ मुळीच नाही.

केंद्रात गेल्यावर यंत्रापुढे बसवण्याआधी पाऊण तास नुसती चौकशी झाली, आणि संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटला. तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंचे पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि अशा तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला होता. तो पाहून घ्यावा, कारण श्रवणयंत्रे विकणारी प्रत्येक व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट असतेच असे नाही. आवाज एका कानात आहे की दोन्ही, की डोक्याच्या मधोमध. तो अचानक सुरू झाला की हळूहळू. सलग येतो की थांबून थांबून. चक्कर, कान दडपणे, एका बाजूने कमी ऐकू येणे यांपैकी काही आहे का, असे प्रश्न क्रमाने आले. आवाज नाडीबरोबर ठोके देतो का, याचे उत्तर मी चटकन ‘नाही’ असे दिले, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या मनगटावर बोटे ठेवून काही वेळ आवाज ऐकायला लावला आणि मगच ‘नाही’ असे लिहिले. या प्रश्नाचे महत्त्व मोठे आहे. नाडीच्या तालात येणारा आवाज बहुधा रक्तवाहिन्यांशी किंवा रक्तप्रवाहाशी संबंधित असतो आणि त्याचा तपास वेगळा, म्हणजे स्कॅनच्या वाटेने जाणारा असतो.

औषधांची यादीही नीट घेतली गेली. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, मलेरियासाठीचे क्विनाइन, जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन ही औषधे कानावर परिणाम करतात. आपल्याकडे क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतलेली माणसे कमी नाहीत, त्यामुळे बालपणापासूनचे आजार विचारणे हा नुसता सोपस्कार नसून शिस्तीचा भाग आहे. फाउंड्रीतल्या वार्षिक तपासणीचे जुने कागद मी सोबत नेले होते. ते बाईंनी एकाखाली एक मांडले आणि ६००० हर्ट्झला डाव्या कानाचा उंबरठा काही वर्षांत ५ डेसिबलवरून २० वर आला आहे, हे बोटाने दाखवले. प्रत्येक कागद सुटा पाहिला तर नॉर्मल आणि सगळे मिळून पाहिले तर उतार, ही गोष्ट कारखान्याच्या तपासणीत कोणीही मला सांगितली नव्हती. तुमच्याकडे असे जुने ऑडिओग्राम असतील तर ते शोधून काढा. कोणत्याही महागड्या चाचणीपेक्षा ते कदाचित अधिक सांगतील.

त्यानंतर त्यांनी मला दात घट्ट आवळायला सांगितले, मग खालचा जबडा पुढे काढायला, मग मान एका बाजूला वळवून त्यांच्या तळहाताला विरोध करायला. दात आवळताच माझ्या कानातला आवाज स्पष्टपणे वाढला आणि किंचित चढा झाला. जबड्याच्या व मानेच्या स्नायूंकडून येणारे संदेश आणि श्रवणाचे संदेश मेंदूच्या बुंध्यात एकमेकांना भेटतात, त्यामुळे काही जणांत जबड्याचा सांधा किंवा मान हेच आवाजाला खतपाणी घालत असतात. अर्थात असा बदल अनेक टिनिटसग्रस्तांना करता येतो, त्यामुळे तो दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, ही पुस्तीही बाईंनी लगेच जोडली. रात्री दात खाण्याची सवय आहे का ते दंतवैद्याकडून तपासून घ्या, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी लावला. असा हात राखून लावलेला अर्थ मला आवडला.

यंत्रांच्या भागाकडे येतो. ध्वनिरोधक खोलीचे दार बंद झाले की टिनिटस असलेल्या माणसाला आपला आवाज एकदम मोठा वाटतो, आणि ते साहजिक आहे. हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऐकणे नॉर्मल असलेल्या ८० प्रौढांना अशाच निःशब्द खोलीत बसवले होते, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कोणता ना कोणता आवाज ऐकू आल्याचे सांगितले. हे मला खोलीत शिरण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. मी ते नंतर वाचले. या खोलीतली पहिली चाचणी नेहमीचीच, पण दोन सुधारणांसह होती : ३००० आणि ६००० हर्ट्झ गाळलेले नव्हते, आणि सूर सलग न देता तुटक ठोक्यांसारखे दिले गेले. टिनिटस असलेल्या माणसाला सलग सूर आणि कानातला आवाज यांत अनेकदा फरक करता येत नाही, तो अंदाजाने बटण दाबतो आणि नोंद चुकते. तुटक सूर दिले की ही अडचण बरीच कमी होते. वार्षिक तपासणीच्या गाडीत मला नेहमी सलग सूरच ऐकवले गेले आहेत.

८००० च्या वरची चाचणी हा या सेवेतला दुसरा मोलाचा भाग आहे. तिला वेगळे हेडफोन आणि त्यांच्यासाठी प्रमाणित केलेले यंत्र लागते, म्हणून ती सगळीकडे होत नाही. माझ्या बाबतीत १० हजार हर्ट्झपर्यंत फारशी तक्रार नव्हती, १२,५०० ला रेघ झपाट्याने खाली गेली आणि १४ हजारला डाव्या कानाने प्रतिसादच दिला नाही. नॉर्मल म्हणून परत पाठवलेल्या माणसाला हा कागद पाहून एक प्रकारचा दिलासा मिळतो, हे मी नाकारत नाही. परंतु इथेच केंद्राच्या कामातील पहिली मोठी त्रुटी आहे. इतक्या उंच सुरांचे ऐकणे विशी-तिशीपासूनच सर्वांचेच उतरू लागते, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या १४ हजारच्या आकड्याला त्याच्या वयाच्या इतर माणसांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय काहीच अर्थ नसतो. अहवालात असा कोणताही तक्ता नव्हता. विचारल्यावर बाईंनी तोंडी सांगितले, की उजव्या कानाची घट वयाला धरून आहे, डाव्या कानाची थोडी जास्त आहे. पण जो रुग्ण विचारणार नाही तो तो आलेख घरी नेऊन आपण बहिरे होत चाललो आहोत असेच समजेल. हेडफोन कानावर किंचित सरकले तरी या उंच सुरांचे आकडे बदलतात, हेही कुठे लिहिलेले नव्हते. चाचणी दोनदा झाली, हेडफोन काढून पुन्हा लावून, ही मात्र जमेची बाजू.

कानाच्या प्रतिध्वनीची चाचणी, म्हणजे ओटोअकॉस्टिक एमिशन, थोडक्यात उरकतो. आतल्या कानातील, आलेला आवाज वाढवणाऱ्या बाह्य केशपेशी काम करत असतील तर कान स्वतःच अतिशय क्षीण ध्वनी बाहेर टाकतो. डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिले, आणि आज नवजात बाळांची चाचणीही याच तत्त्वावर होते. रुग्णाने बटण दाबायचे नसते, स्वस्थ बसायचे असते. ऑडिओग्राम बिघडण्यापूर्वी केशपेशींचे नुकसान इथे डोकावू शकते. माझ्या डाव्या कानाचा प्रतिसाद ६००० च्या पुढे मंद होता, म्हणजे जुन्या कागदांवरच्या उताराला दुजोरा मिळाला.

यानंतर प्रत्यक्ष आवाजाचे मोजमाप झाले. दोन सूर एकापाठोपाठ ऐकवायचे, तुमच्या आवाजाच्या जवळचा कोणता ते विचारायचे, आणि असे करत करत कक्षा अरुंद करत जायची. भागाचा नाद ऐकून निवाडा करण्याची मला सवय आहे, तरीही हे काम मला अवघड गेले, कारण ज्याची तुलना करायची तो आवाज शुद्ध सूर नसतो, त्याला खरखरीची कड असते. पहिल्या फेरीत उत्तर १० हजार हर्ट्झच्या आसपास आले, दुसऱ्या फेरीत ८ हजारच्या. अशा चाचणीत माणूस अनेकदा एका सप्तकाने चुकतो, म्हणून बाईंनी ५ हजारचा सूर देऊन ती शक्यता तपासली. अंतिम नोंद मात्र ‘१०,००० हर्ट्झ’ अशी एकाच ठाम आकड्यात झाली. दोन फेऱ्यांतली तफावत अहवालात यायला हवी होती. आमच्याकडे मापात इतका फरक पडला तर तो शेऱ्याच्या रकान्यात लिहावाच लागतो.

आवाजाची पातळी मोजल्यावर जो आकडा निघतो त्याने बहुतेक रुग्ण चक्रावतात, असे बाई म्हणाल्या, आणि मीही चक्रावलो. ज्या आवाजाने झोप उडते तो त्या सुराच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम ७ डेसिबल वर निघाला. टिनिटसची मोजलेली पातळी बहुतेकांत अशीच थोडी असते आणि तिचा त्रासाच्या तीव्रतेशी फारसा मेळ बसत नाही, ही या विषयातील जुनी आणि पक्की माहिती आहे. घरच्यांना ‘एवढासा तर आवाज’ म्हणायला हा आकडा हाती मिळू नये म्हणून त्यासोबत दोन वाक्यांचे स्पष्टीकरण छापून देणे गरजेचे आहे. पुढे, किती जोराचा खरखराट दिला की तुमचा आवाज झाकला जातो ते मोजले गेले. आणि तो खरखराट थोडा वाढवून मिनिटभर ऐकवून बंद केल्यावर आवाज किती वेळ दबलेला राहतो तेही पाहिले गेले. माझा आवाज सुमारे अर्धे मिनिट दबला. हा उपचार नाही, फक्त चाचणी आहे, असे आधीच बजावले होते ते योग्यच झाले.

एका ठिकाणी मात्र केंद्राकडून हयगय झाली. मधल्या कानाचा दाब मोजताना त्याच यंत्रावर स्टेपिडियस या मधल्या कानातील चिमुकल्या स्नायूच्या प्रतिक्षिप्त क्रियेची चाचणी होते आणि तिच्यासाठी १०० डेसिबलच्या घरातले सूर थेट कानात सोडले जातात. ज्यांना मोठे आवाज सहन होत नाहीत अशा टिनिटसग्रस्तांत या सुरांनी त्रास वाढू शकतो, म्हणून ही चाचणी विचारून, सहनशक्ती पाहून आणि शक्यतो शेवटी करावी किंवा सोडून द्यावी, अशी काळजी जाणकार घेतात. इथे ती एका सहाय्यकाने अगदी सुरुवातीला, ‘थोडा आवाज येईल’ एवढेच सांगून उरकली. माझा आवाज त्या संध्याकाळी वाढलेला होता आणि सकाळी पूर्ववत झाला. गंमत अशी, की किती जोराचा आवाज नकोसा होतो ते मोजण्याची चाचणी बाईंनी स्वतः, हळूहळू पातळी वाढवत, ‘हात वर केलात की लगेच थांबवते’ असे सांगून अतिशय सावधपणे केली. हा क्रम उलटा हवा होता. ऑडिओग्राम नॉर्मल असलेल्या टिनिटसग्रस्तांत आवाजाची असहनीयता बऱ्याचदा सोबत असते, त्यामुळे ज्या केंद्राला याच रुग्णांची सेवा करायची आहे त्याच्या सहाय्यकांना हे शिकवलेले असलेच पाहिजे.

आता ज्या चाचणीची जाहिरात सर्वांत मोठी आहे तिच्याविषयी. केंद्राच्या माहितीपत्रकावर ‘छुपा बहिरेपणा शोधा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे आणि त्यासाठी श्रवण-मेंदूबुंधा प्रतिसादाची चाचणी (आवाज ऐकवून श्रवणतंतू व मेंदूबुंध्यातील विद्युत संदेशांच्या लाटा इलेक्ट्रोडने नोंदणारी), जिला सगळे बेरा किंवा एबीआर म्हणतात, वेगळ्या शुल्कात करून मिळते. या कल्पनेमागचे विज्ञान खरे आणि रोचक आहे. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये दाखवले, की उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवल्यावर त्यांचे उंबरठे काही दिवसांत पूर्ववत झाले, केशपेशीही शाबूत राहिल्या, पण केशपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे सांधे मोठ्या प्रमाणात कायमचे तुटले. मग २०११ मध्ये रोलंड शेटे आणि डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी टिनिटस असलेल्या पण ऑडिओग्राम नॉर्मल असलेल्या स्त्रियांच्या एबीआरमध्ये श्रवणतंतूंतून उमटणारी पहिली लाट लहान आणि पुढची पाचवी लाट नेहमीइतकी असल्याचे नोंदवले. तंतूंकडून येणारा संदेश क्षीण झाला म्हणून मेंदूने तो स्वतःच मोठा करून घेतला आणि त्या वाढीतून टिनिटस उमटला, असा त्याचा अर्थ लावला गेला.

इथवर सगळे सुसंगत आहे. अडचण पुढे आहे. माणसांवरच्या पुढील अभ्यासांत हा निष्कर्ष प्रत्येक वेळी मिळाला नाही. मँचेस्टरमधील हॅना गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नॉर्मल ऑडिओग्राम असलेल्या तरुण टिनिटसग्रस्तांची तुलना इतरांशी केली तेव्हा त्यांना असा फरक आढळला नाही. शिवाय पहिल्या लाटेची उंची डोक्याचा आकार, लिंग, इलेक्ट्रोड कुठे चिकटवला या सगळ्यांवर बदलते. दोन गटांच्या सरासरीत जो फरक दिसू शकतो त्यावरून एका माणसाच्या कानाचा निवाडा करता येत नाही, आणि जिवंत माणसाच्या कानातील तुटलेले सांधे मोजण्याची मान्यताप्राप्त चाचणी आज उपलब्ध नाही. असे असताना माझ्या अहवालात ‘पहिली लाट क्षीण, छुपा बहिरेपणा सूचित’ असे लिहिले गेले. कोणत्या प्रमाणाशी तुलना करून, असे विचारले तेव्हा यंत्राच्या छापील मर्यादांकडे बोट दाखवण्यात आले. बाईंनी स्वतः प्रामाणिकपणे सांगितले, की हे निदान नसून शक्यता आहे आणि त्यामुळे तुमच्या उपचारात काहीही बदलणार नाही. ज्याने काहीही बदलणार नाही त्यासाठी दीड हजार रुपये का घ्यावेत, हा प्रश्न मी व्यवस्थापनाला लेखी विचारला आहे. श्रवणतंतूवरील गाठीची शंका असेल तर एबीआर मोठी गाठ दाखवू शकते, पण लहान गाठ तिच्यातून निसटते; ती शंका एमआरआयनेच फेडावी लागते.

त्रासाचे मोजमाप प्रश्नावलीने होते. टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली २५ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते : ‘हो’ला ४, ‘कधीकधी’ला २, ‘नाही’ला ०, एकूण १०० पैकी. १६ पर्यंत नगण्य, ३६ पर्यंत सौम्य, ५६ पर्यंत मध्यम, ७६ पर्यंत तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र असे टप्पे धरतात. माझे गुण ४४ आले. हातात दिलेला कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाचता येते. पण माझ्यासोबत बाहेर बाकावर बसलेल्या, मंडप आणि ध्वनिवर्धकाचा व्यवसाय असलेल्या गृहस्थांना सहाय्यक तोच कागद धावत्या मराठीत समजावून सांगत होता आणि ‘निराश वाटते का’ व ‘वैताग येतो का’ हे दोन वेगळे प्रश्न त्याने एकाच दमात एकच करून टाकले. पुण्यात सेवा देणाऱ्या केंद्राने मराठी छापील प्रत ठेवू नये, याला सबब नाही. गोंगाटात बोलणे किती समजते ही चाचणीही मराठी वाक्यांवर झाली नाही, हिंदी वाक्यांवर झाली. नॉर्मल ऑडिओग्रामवाल्यांची खरी तक्रार पुष्कळदा तीच असते, की लग्नाच्या पंगतीत समोरच्याचे बोलणे कळत नाही. ती पारखायची तर माणसाच्या रोजच्या भाषेतच पारखली पाहिजे.

झोप आणि मनःस्थिती यांविषयीचे प्रश्न बाईंनी कागदावर न सोपवता समोर बसून विचारले, घाई न करता विचारले, आणि गरज पडल्यास भेटता येईल अशा मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता दिला. टिनिटसचा आवाज घालवणारे औषध आज उपलब्ध नाही; त्याचा त्रास कमी करण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो त्रासाविषयीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला आधी एका दवाखान्यातून मिळालेल्या गिंको बिलोबा या वनस्पतीच्या आणि चक्करेवरच्या बीटाहिस्टिनच्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी पाहिली आणि डॉक्टरांच्या औषधावर आपण बोलणार नाही एवढेच म्हटले. ती मर्यादा मला मान्य आहे. मात्र अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत टिनिटससाठी गिंको, मेलाटोनिन, जस्त वगैरे पूरके देऊ नयेत असे म्हटले आहे, आणि बीटाहिस्टिनचा टिनिटसवर उपयोग होत असल्याचे पुराव्यांच्या आढाव्यात दिसलेले नाही. हे वाचकांना ठाऊक असावे.

शेवटच्या बैठकीत कानामागे बसवायच्या, मंद आवाज देणाऱ्या यंत्राचे माहितीपत्रक पुढे आले. किंमत पाच आकडी होती. आग्रह झाला नाही, हे नमूद करतो. मी ते घेतले नाही. झोपताना पूर्ण शांतता टाळण्यासाठी टेबलफॅन किंवा फोनवरचा पावसाचा आवाज पुरेसा होतो का ते आधी पाहा, असे बाईंनीच सुचवले आणि तूर्त मी तेच करतो आहे.

लेखी अहवाल हा या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. आलेखांची पाने भरपूर, आणि निष्कर्षाच्या रकान्यात एक ओळ : दोन्ही कानांचे ऐकणे नॉर्मल, टिनिटस आहे. जबड्याच्या चाचणीचा निकाल, जुन्या कागदांवरून दिसलेला उतार, डाव्या कानाची वयाच्या मानाने जास्त असलेली घट, म्हणजे तपासात जे जे हाती लागले ते सगळे, त्या ओळीत नव्हते. बाईंच्या वहीत ते तपशीलवार लिहिलेले मी पाहिले होते. मागणी केल्यावर दुसरा, सुधारित अहवाल आठवड्याभरात ई-मेलने आला आणि तो खरोखर चांगला होता. पहिलाच तसा देता आला असता.

एकूण शुल्क एबीआर धरून साडेपाच हजार रुपये झाले. सरकारी पर्यायही आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, मैसूरला १९६५ पासून अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ऑडिओलॉजिस्ट असतात. तिथे खर्च खाजगी केंद्राच्या मानाने बराच कमी येतो, वेळ जास्त जातो.

ज्यांनी या सेवेच्या वाटेला जाऊच नये असेही काही जण आहेत. आवाजाबरोबर ऐकणे अचानक गेले असेल, तर केंद्राची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, कारण त्यावरील स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतात. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात असेल, चक्कर किंवा चेहऱ्याची कमजोरी सोबत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग ऑडिओलॉजिस्ट.

इतरांनी फोनवर वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे, की ८००० हर्ट्झच्या वरची चाचणी होते का आणि अहवालात वयानुसार तुलना देता का. प्रश्नावली मराठीत आहे का. आणि एबीआर वगळून उरलेला संच किती रुपयांत पडेल. मी गेलो त्या केंद्राने एबीआर वगळण्याची मुभा आहे असे सांगितले, पण ते पैसे भरल्यानंतर.